करमाळ्याची काळी आणि ज्वारीची मुळी

करमाळ्याचा इतिहास लिहावयास बसणारा मनुष्य बहुधा राव रंभा निंबाळकरांपासून आरंभ करतो. आणि ते स्वाभाविकही आहे, कारण निजामाच्या पदरी असलेल्या या सरदाराने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील किल्ल्याचा पाया घातला, कमलाभवानीचे देवालय उभारले, आणि देवालयाजवळची ती शहाण्णव पायऱ्यांची विहीर आजही पाहणाऱ्यास स्तिमित करते. परंतु तट रचणाऱ्या गवंड्यास, तटावर पहारा देणाऱ्या शिबंदीस आणि देवीच्या यात्रेस पायी येणाऱ्या भाविकास जिने पोसले ती शाळू ज्वारी, आणि त्या ज्वारीस जिने पोसले ती भूमीच्या पोटात उतरणारी मुळी, हिचा इतिहास मात्र स्वतंत्रपणे कोणी सांगितला नाही. या तालुक्याची शेती, येथील सारा-आकारणी, येथील दुष्काळ आणि या भूमीसाठी झालेले कृषिसंशोधन या चारही गोष्टींचा विचार करू लागले म्हणजे त्यांचा धागा अखेर एकाच प्रश्नापाशी जाऊन पोहोचतो: या जमिनीत मुळीला किती खोल जाता येते?

पश्चिमेस भीमा आणि पूर्वेस सीना या दोन नद्यांच्या मधोमध पसरलेला हा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, आणि घाटमाथ्यावर कोसळणाऱ्या मेघांचे अवशेषच काय ते येथवर पोहोचतात. वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस, तोही ज्येष्ठ-आषाढात हुलकावण्या देऊन भाद्रपद-आश्विनात उत्तरा आणि हस्त नक्षत्रांवर जोर धरणारा. अशा प्रदेशात खरिपाच्या पिकावर संसार उभा करणे म्हणजे जुगारच होय, हे येथील रयतेने फार पूर्वी ओळखले. म्हणून नदीकाठच्या काळ्या रानात पावसाळाभर काही न पेरता जमीन मोकळी ठेवावयाची, पावसाच्या उघडिपीत कुळवाच्या पाळ्या देऊन तण मारावयाचे, पडेल तो थेंब त्या काळीच्या पोटात साठवावयाचा, आणि हस्ताचा पाऊस होऊन वाफसा येताच पाभर धरावयाची, अशी रीत येथे रूढ झाली. पेरणीनंतर या पिकास पावसाचा आधार जवळजवळ नसतोच. आश्विनापासून माघापर्यंतचे त्याचे संपूर्ण आयुष्य भूमीत आधीच साठलेल्या ओलीवर जावयाचे असते. आणि ती ओल दर आठवड्यास वरून खाली आटत जात असल्यामुळे, मुळीला तिच्या मागोमाग खाली उतरत राहणे हा त्या पिकाच्या जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

मुळी खाली उतरते आणि बाजूस फुटते ती कशी, याचा शोध तृणधान्यांपुरता वनस्पतिशास्त्राने विशेष बारकाईने घेतला तो भाताच्या पिकावर. भात आणि ज्वारी ही दोन्ही तृणकुळातीलच असल्यामुळे एकाविषयीचे ज्ञान बऱ्याच अंशी दुसऱ्यास लागू पडते. बीज रुजताच त्यातून एक आद्यमूळ सरळ खाली उतरते. काही दिवसांनी खोडाच्या तळच्या पेरांपासून मुकुटाकार मुळ्यांची वलये फुटतात, आणि पिकाचा पुढील सर्व भार त्यांच्यावर पडतो. परंतु पाणी आणि अन्नद्रव्ये शोषण्याचे जे खरे काम ते या जाड मुळ्यांच्या अंगावर फुटणाऱ्या उपमुळांकडे असते. पानाफांद्यांचे कोंब खोडाच्या पृष्ठभागावर उगवतात. उपमूळ तसे उगवत नाही, त्याचा जन्म मातृमुळाच्या अंतर्भागात होतो. व्हान टीगेम आणि डुलियो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८८८ साली या अंतर्जात उत्पत्तीचे विस्तृत तुलनात्मक विवेचन केले. मुळाच्या गाभ्याभोवती परिरंभ नावाचा पेशींचा एक पातळ थर असतो. त्यातील काही मोजक्या पेशी, ऑक्झिन या वृद्धिद्रव्याचा संकेत मिळताच, पुन्हा विभागू लागतात, त्यांचा एक सूक्ष्म घुमटाकार अंकुर तयार होतो, आणि तृणधान्यांत अंतस्त्वचेच्या पेशीही या अंकुराच्या घडणीस हातभार लावतात. मग हा अंकुर मध्यत्वचेतून वाट काढीत, अखेर मातृमुळाची बाह्यत्वचा भेदून मातीत प्रवेश करतो. भाताच्या उपमुळांत दोन प्रकार स्पष्ट दिसतात: एक आखूड व अतिशय बारीक, ज्यांना पुढे शाखा फुटत नाहीत, आणि दुसरी लांब व तुलनेने जाड, जी स्वतः पुन्हा उपमुळे देतात. २००५ साली जपानी संशोधकांनी भातातील असा एक जनुक निश्चित केला की जो बिघडला असता मुकुटमुळे फुटत नाहीत आणि उपमुळांची संख्याही घटते.

चिखलात उभ्या असलेल्या भाताला पाण्यासाठी खोल जाण्याची निकड सहसा पडत नाही; त्याच्या मुळ्या बहुतांशी वरच्या थरातच पसरतात, आणि त्यांच्या अंतर्भागात हवेच्या पोकळ्या असल्यामुळे चिखलातही त्यांना श्वास घेता येतो. करमाळ्याच्या ज्वारीपुढील समस्या याच्या नेमकी उलट. तिला श्वासाची चिंता नाही, चिंता आहे ती ओलीची. आणि या कामी निसर्गाने तिला जी सिद्धता दिली आहे तिचे मोजमाप अमेरिकेतील कॅन्सस राज्यात मिलर नावाच्या शास्त्रज्ञाने करून १९१६ साली प्रसिद्ध केले. मका आणि ज्वारी यांच्या मुळ्या काळजीपूर्वक उकरून त्याने दाखविले की, वाढीच्या कोणत्याही टप्प्यावर ज्वारीच्या मुख्य मुळ्यांवरील उपमुळांची संख्या मक्याच्या सुमारे दुप्पट असते, आणि तिच्या पानांचा विस्तार मात्र मक्याहून पुष्कळ कमी असतो. पाणी मिळविणारी यंत्रणा दुप्पट आणि पाणी खर्चणारा पृष्ठभाग कमी, ही ती जमेची बाजू. शिवाय ज्वारीच्या मुळाच्या अंतस्त्वचेत वाळूच्याच जातीच्या सिलिका या द्रव्याचे कण साचून तिला असे काठिण्य येते की, भोवतालची माती वाळून आवळू लागली तरी मुळी चिरडत नाही. खोल काळ्या जमिनीत ही मुळी दीड मीटरपर्यंत, आणि अनुकूलता असल्यास त्याहूनही खाली, ओलीचा माग काढीत जाते.

हे सारे ज्ञान ग्रंथरूपाने येण्यापूर्वी येथील कुणब्याच्या हातात ते अवजारांच्या रूपाने वसत होते, असे म्हणण्यास हरकत नाही. सुताराने बाभळीच्या लाकडाची पाभर घडवावी, लोहाराने तिच्या फणांना फासळ्या बसवाव्या, आणि पेरणाऱ्याने चाड्यावर मूठ धरून बी असे सोडावे की ते वरच्या कोरड्या मातीत न राहता खालच्या ओलीस जाऊन भिडेल. यात रुजव्याचा सारा विचार आलेला आहे. रोप दोन-तीन आठवड्यांचे झाले म्हणजे पेरांपासून मुकुटमुळ्या फुटण्याची वेळ येते, आणि त्या वेळी वरचा थर अगदी शुष्क असला तर त्या मुळ्या मातीत शिरू शकत नाहीत व पीक केवळ आद्यमुळाच्या आधारावर कसेबसे तग धरते. म्हणून हस्तानंतर चित्रा-स्वातीची एखादी सर आली आणि वरची ओल खालच्या ओलीस मिळाली की जाणता शेतकरी निःश्वास टाकून म्हणतो, ‘पिकाने मुळी धरली.’ पुढे जानेवारीच्या सुमारास काळी जमीन आकुंचन पावून भेगाळू लागते. या भेगा दोन अनिष्टे करतात: त्यांच्यावाटे खोलवरची ओल वाऱ्यावर उडून जाते, आणि भेगेच्या आड आलेल्या मुळ्या ताणल्या जाऊन तटातट तुटतात. यावरचा उपाय कोळपणी. पीक तीन आठवड्यांचे असता फटीच्या कोळप्याने पहिली, पाच आठवड्यांचे असता पासेच्या कोळप्याने दुसरी, आणि आठ आठवड्यांचे असता दातेरी कोळप्याने तिसरी, असा जो क्रम आज कृषिखाते सांगते, त्याचे मर्म भेगा भुकटीने बुजवून मुळीचे आणि ओलीचे रक्षण करणे हेच होय. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, ही जी म्हण या भागात चालते ती अनुभवाच्या आधारावर उभी आहे.

मुळीचे प्रत्यक्ष दर्शन मात्र या प्रदेशातील मनुष्यास वर्षातून एकदा, काढणीच्या दिवसांत, हमखास होते. कारण येथे शाळू विळ्याने कापण्याऐवजी हाताने उपटून काढण्याची परंपरा आहे. माघ-फाल्गुनाच्या पहाटे, धाटावर अजून दंव असताना, मजूर दोन्ही हातांनी ताट बुडख्याशी धरतो, कमरेतून जोर लावून त्यास हिसका देतो, आणि मुळ्यांचा झुबका मातीसह वर आला म्हणजे तो पायावर आपटून माती झटकतो. त्या झुबक्याकडे जवळून पाहिले असता खालच्या पेरांभोवती निघालेल्या तांबूस-पिवळ्या जाड मुळ्यांची वलये दिसतात, प्रत्येक मुळीवर केसांसारखी बारीक उपमुळे दाटलेली असतात, आणि त्यांना मातीचे कण इतके घट्ट बिलगलेले असतात की कितीही झटकले तरी ते सुटत नाहीत. हलक्या बरड रानातील ताट सहज हाती येते. भारी काळीतील ताट उपटताना तळहाताची साल निघते. जमिनीची प्रत काय आहे हे काढणाऱ्या मजुरास त्याचे हातच सांगतात. मग पेंढ्या बांधणे, पाचुंदे मोजणे, बुचाडे लावणे, कणसे मोडून खळ्यावर नेणे, आणि मळणी झाल्यावर बलुतेदारांचा वाटा देऊन कडब्याची वळई रचणे, ही कामे ओघाने येतात.

मजुराच्या हातास जे ठाऊक होते ते सरकारी दफ्तरात आकड्यांनी नोंदविले जाण्याचा योग एकोणिसाव्या शतकात आला. भीमेच्या पलीकडे इंदापूर तालुक्यात प्रिंगल या अधिकाऱ्याने प्रथम जी जमाबंदी केली ती निव्वळ उत्पन्नाच्या किचकट हिशेबावर आधारलेली असल्यामुळे फसली, रयत गावे सोडून जाऊ लागली, आणि तेव्हा गोल्डस्मिड व विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी १८३५ पासून त्याच इंदापुरात नव्या पैमाषीस हात घातला. हीच पद्धत पुढे भीमा ओलांडून या बाजूच्या गावागावांत आली, आणि १८४७ सालच्या संयुक्त अहवालाने तिला मुंबई इलाख्याच्या नियमांचे रूप मिळाले. या पैमाषीतील प्रतबंदीचा प्रकार मोठा विचारप्रवर्तक आहे. प्रतबंदी करणारा कारकून प्रत्येक सर्व्हे नंबराचे सारखे भाग पाडी, प्रत्येक भागात जमीन खणून मातीचा पोत पाही, आणि खाली मुरूम किंवा खडक किती खोलीवर लागतो हे मोजी. उत्तम पोताची काळी जमीन पावणेदोन हात खोल असली तर ती पहिल्या प्रतीची, म्हणजे सोळा आणे. दीड हात असली तर चौदा आणे. सव्वा हातास बारा, एका हातास दहा. आणि अशा रीतीने उतरत उतरत नवव्या प्रतीस दोन आणे. त्यावर दोषांची वजावट निराळी: चुनखडीचे खडे असले तर चुनखड, वाळू असली तर वालसर, उतार असला तर उतरवट, खालून पाणी उपळून येत असले तर उपळवट, आणि प्रत्येक दोषागणिक जमीन एक प्रत खाली उतरे.

सरकारने सारा ठरविण्यासाठी जे माप घेतले ते वस्तुतः मुळीस उपलब्ध असलेल्या अवकाशाचेच माप होते. ज्या जमिनीत मुळी पावणेदोन हात उतरू शकते ती एका पावसाच्या ओलीवर पीक माघापर्यंत नेते. जिच्यात अर्ध्या हातावर मुरूम लागतो तिच्यातील पीक पोटरीत येण्यापूर्वीच माना टाकते. आमच्या इतिहासग्रंथांत या पैमाषीची चर्चा सारा हलका होता की भारी होता या एकाच अंगाने झालेली आहे, आणि तो प्रश्न महत्त्वाचा आहे यात संशय नाही. तथापि गावोगावची माती खणून तिच्या खोलीची अशी पद्धतशीर नोंद करण्याचे केवढे मोठे कार्य त्या निमित्ताने झाले याकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते. या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. खोलीवर बसविलेला आकार तीस वर्षांसाठी कायम होई, परंतु त्या खोलीत दरवर्षी ओल भरेलच अशी हमी कोणी देऊ शकत नव्हते. १८७६ साली पाऊस ओढला आणि सोलापूर जिल्ह्यावर जो घोर दुष्काळ कोसळला, त्यात सोळा आण्यांची काळीही कोरडी पडली. मुळी कितीही समर्थ असली तरी जेथे ओलच नाही तेथे ती उतरणार कोठे? रयत गुरेढोरे घेऊन देशोधडीस लागली, दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली, आणि ‘जमीन अव्वल’ ही दफ्तरातील नोंद तिच्या काही कामास आली नाही.

या आघातातून जो प्रश्न उभा राहिला तो असा की, पाऊस आपल्या हाती नसला तरी पडलेला पाऊस मुळीच्या आटोक्यात ठेवणे तरी आपल्या हाती आहे किंवा नाही? या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर शोधण्याचे श्रेय ज्यांस द्यावयाचे त्यांत ना. वि. कानिटकर यांचे नाव अग्रभागी आहे. पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांच्यासमवेत दख्खनच्या खेड्यांची पाहणी करणाऱ्या कानिटकरांनी पुण्याजवळ मांजरी येथे १९२३ च्या सुमारास सुरू झालेले कोरडवाहू शेतीचे प्रयोग पुढे नेले. आणि पुढे १९३३ साली सोलापुरास कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र स्थापन झाले. या कार्यातून निष्पन्न झालेली शिफारस म्हणजे शेताला बांध घालून पाणी अडवावे, काही वर्षांआड खोल नांगरट करावी, शेणखत द्यावे, पावसाळ्यात कुळवाच्या पाळ्या द्याव्या, बी कमी वापरून ओळी अठरा इंच अंतरावर ठेवाव्या, आणि कोळपणी चुकवू नये. यातील एकही कलम रयतेस अपरिचित नव्हते. अपरिचित होते ते अंतराचे आणि प्रमाणाचे गणित. दाट पेरलेल्या रोपांच्या उपमुळांनी एकाच थरातील ओल पौषापूर्वीच संपवावी, याऐवजी विरळ रोपांनी तीच ओल माघापर्यंत पुरवावी, हा त्या अठरा इंचांतील विचार होय. कानिटकरांचा ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ हा ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा कायद्याने बांधबंदिस्तीस सरकारी पाठबळ मिळाले होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणब्याने घातलेल्या तालींच्या जोडीस समतल बांध उभे राहू लागले.

याच काळात सोलापूर जिल्ह्यातीलच मोहोळ येथील संशोधनकेंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण सिद्ध झाला. नाना संकरित वाण आले आणि गेले. परंतु टपोऱ्या मोत्यासारखा दाणा, मऊ भाकरी, गोड कडबा आणि ओल आटत असताही टिकाव धरण्याची शक्ती या गुणांमुळे हा वाण इतक्या दशकांनंतरही रब्बीच्या शिवारातून हटलेला नाही. याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेही याच मालदांडीच्या कुळाचे यश मानावे लागते. १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे जे वाण दिले त्यांची शिफारस जमिनीच्या खोलीनुसार केलेली आहे: तीस सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या जमिनीस फुले अनुराधा, साठपर्यंतच्या मध्यम जमिनीस फुले सुचित्रा, आणि साठहून अधिक खोल अशा भारी जमिनीस फुले वसुधा. विंगेटच्या कारकुनाने हातांनी मोजलेली खोली आणि विद्यापीठाने सेंटिमीटरांत सांगितलेली खोली यांत शतकाहून अधिक काळाचे अंतर आहे. परंतु दोघांनी विचारलेला प्रश्न एकच आहे. भाताच्या बाबतीतही जगाची दृष्टी आता याच दिशेस वळली असून, फिलिपिन्समधील एका कोरडवाहू भातातून मुळी खोल नेणारा जनुक जपानी संशोधकांनी शोधून काढल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले, आणि तो उथळ मुळाच्या भातात आणल्यावर अवर्षणातही उत्पन्न टिकून राहिल्याचे दिसून आले.

दरम्यान करमाळ्याच्या इतिहासास मोठे वळण मिळाले होते ते उजनीच्या धरणाने. १९६६ साली पाया घातला जाऊन १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या जलाशयात भीमाकाठची कित्येक गावे गेली. आणि गावांबरोबर गेली ती नदीकाठची सर्वांत खोल, पहिल्या प्रतीची काळी. विस्थापितांनी वरच्या हलक्या रानांत नवे संसार मांडले, आणि पुढे जलाशयाचे पाणी उपसून ऊस व केळी यांचे मळे उभे केले. तालुक्यातील कंदर गावाच्या परिसरातील केळी आज परदेशी जातात, ही कर्तबगारी लहान नव्हे. ज्या पिढीने घरदार पाण्याखाली जाताना पाहिले तिने त्याच पाण्यावर समृद्धी आणली, याबद्दल आदरच वाटला पाहिजे. परंतु भारी काळ्या जमिनीस सतत पाणी देत राहिल्याचा परिणाम काय होतो याचा धडा नीरेच्या डाव्या कालव्याच्या काठी विसाव्या शतकाच्या आरंभीच मिळालेला आहे: निचरा नसलेल्या मातीत पाण्याची पातळी वर चढते, क्षार पृष्ठभागी येतात, रान चोपण होते, आणि हवेवाचून मुळी गुदमरते. प्रतबंदीच्या कागदात एकेकाळी निसर्गाचा दोष म्हणून लिहिलेला उपळवट हा शेरा अशा रीतीने मनुष्याच्या हातून निर्माण होऊ शकतो.

करमाळा तालुक्याचा पुष्कळसा भाग अद्यापि जिराईतच आहे, आणि धरण कोरडे पडलेल्या वर्षांत बागाईतदारासही कडब्यासाठी जिराईतदाराच्या वळईकडेच वळावे लागते. एक मीटर खोल चांगली काळी जमीन दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पिकासाठी साठवून ठेवते. त्यासाठी भिंत लागत नाही, कालवा लागत नाही, आणि कोणाचे गाव उठवावे लागत नाही. या साठ्याचे दार उघडणारी किल्ली म्हणजे परिरंभातून जन्म घेणारी ती केसाएवढी उपमुळे होत. म्हणून या तालुक्यातील शेतकऱ्यांस आणि त्यांच्या तरुण मुलांस एवढीच विनंती करावीशी वाटते की, बांध फोडून चार सऱ्या अधिक काढण्यापूर्वी, काळीची माती वीटभट्टीस विकण्यापूर्वी, आणि भारी रानास अहोरात्र पाणी सोडण्यापूर्वी, आपल्या शेतात एक खड्डा खणून माती किती खोल आहे आणि मुळी कोठवर पोहोचली आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. जमिनीची मालकी सात-बाराच्या उताऱ्यावर सिद्ध होते. तिची खोली टिकविणे मात्र ज्याचे त्याने, आपल्या हयातीत, आपल्याच बांधावर करावयाचे काम आहे.